स्वयंपाकघराची मांडणी व साठवण (महाड-पोलादपूर परिसर)

महाड-पोलादपूर परिसरातील स्वयंपाकघराच्या मांडणीत जागेच्या टंचाईपेक्षा पावसाळी ओल हा अधिक महत्त्वाचा घटक आहे. रायगड जिल्ह्याच्या या सह्याद्रीलगतच्या भागात, विशेषतः शिवथरसारख्या घाटपायथ्याच्या गावांत, जून ते सप्टेंबर या काळात भिंती व जमीन क्वचितच कोरडी होते. वर्षाचा तांदूळ, नाचणी, कडधान्ये व मसाले घरातच साठवण्याची पद्धत असल्याने मांडणीतील चूक धान्याच्या नासाडीतून भोवते.

पारंपरिक व्यवस्था

जुन्या घरांत चुलीची ऊब व धूर माळ्यापर्यंत पोहोचत असे. त्यामुळे तेथे ठेवलेले जिन्नस कोरडे राहत व त्यांना कीड कमी लागे. भात शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणगीत, बियाणे पेंढ्याच्या मुड्यात आणि दूधदुभते शिंक्यावर असे. भात तुसासकट साठवून लागेल तसा कांडला जाई. तूस दाण्याचे कीड व ओलीपासून बऱ्याच अंशी रक्षण करते. या व्यवस्थेचे कौतुक करताना धुराचा विसर पडू नये. तो स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांत व फुप्फुसांत जात असे.

गॅसची शेगडी आली आणि धूर गेला, पण त्याबरोबर ऊबही गेली. उज्ज्वला योजना (२०१६) सुरू झाल्यावर हा बदल खेड्यांतही वेगाने झाला. शहरी नमुन्याचा उभा ओटा व त्याखालची बंद कपाटे आली. साठवण माळ्यावरून जमिनीलगत उतरली.

सामान्य चुका व उपाय

सर्वांत नुकसानकारक चूक म्हणजे धान्य व पीठ ओट्याखाली, भांडी घासण्याच्या मोरीशेजारी ठेवणे. तेथे नळाची गळती, फरशीची ओल आणि कोंडलेली हवा एकत्र येतात. प्लायवूड फुगते व तांदळाला सोंडे लागतात. मोरीखाली केवळ भांडी ठेवावीत. धान्याच्या कोठ्या लाकडी फळीवर, भिंतीपासून चार बोटे दूर असाव्यात. फडताळाला कडप्प्याच्या फळ्या व जाळीची दारे टिकाऊ ठरतात. तांदूळ उन्हात वाळवून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावा. गरम असताना झाकण लावल्यास आत घाम धरतो.

शेगडी खिडकीसमोर असल्यास पावसाळी वाऱ्याने ज्योत विझते, म्हणून खिडकी शेगडीच्या बाजूला घ्यावी. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती तळाशी साचते. सिलिंडर उभा ठेवावा व त्याच्या कप्प्याला खाली झरोका असावा. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षा १० ते १५ सेंमी कमी असावी. गवंडी बहुधा सर्वांना एकच माप लावतो.

पूरप्रवण वस्ती

जुलै २०२१च्या महापुरात महाड शहरात पाणी घराघरांत शिरले. अशा वस्तीत धान्य व विजेची बटणे मागील पुराच्या खुणेच्या वर घेणे इष्ट असते. पक्क्या घरातही माळा ठेवण्याचे हे सबळ कारण आहे. कोठीचा आकारही येथे महत्त्वाचा ठरतो. शंभर किलोची भरलेली कोठी आयत्या वेळी दोघांनाही उचलत नाही. तोच तांदूळ पंधरा-वीस किलोच्या डब्यांत असल्यास पाणी चढण्याआधी माळ्यावर नेता येतो.