खंबाटकीचा लॅप

गुगल मॅपवर खंबाटकी घाट झूम करून बघा. पुण्याहून येणारी गाडी खंडाळ्यातून (साताऱ्यातला खंडाळा, लोणावळ्याजवळचा नव्हे) जुन्या घाटानं वर चढते आणि पलीकडं वेळे गावाच्या बाजूला उतरते. साताऱ्याहून पुण्याला जाणारी गाडी मात्र घाट चढत नाही, ती बोगद्यातून जाते आणि उतारानं खंडाळ्याकडं येते. म्हणजे जायची वाट वेगळी, यायची वेगळी. वर आणि खाली दोन छोटे तुकडे आपण मनानंच जोडले की डोंगराभोवती एक बंद वर्तुळ तयार होतं. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, हे तर सर्किट आहे!"

मी पुण्यात कोड लिहितो, घर सांगलीत. महिन्यातून दोनदा तरी हा रस्ता होतो. उरलेल्या रात्री टेबलाला क्लॅम्पनं आवळलेलं स्टीअरिंग, पायाखाली तीन पेडल आणि समोर 'असेटो कोर्सा'. २०१४ साली कुनोस नावाच्या इटालियन कंपनीनं पूर्ण स्वरूपात आणलेला हा सिम्युलेटर अजून जिवंत आहे, कारण त्यात कुणीही स्वतःचा ट्रॅक बनवून टाकू शकतो. मी खंबाटकी बनवायला घेतला.

उंचीची माहिती फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानानं रडारनं पृथ्वीचा बराचसा पृष्ठभाग मोजला होता, तो डेटा आज कुणालाही उतरवून घेता येतो. पण त्यातला एक ठिपका म्हणजे साधारण ३० मीटर. डोंगर दिसतो, वळण दिसत नाही. तेव्हा मोबाइलमध्ये जीपीएस चालू ठेवून मी चार-पाच फेऱ्यांची नोंद जमवली आणि रस्ता हातानं गिरवला. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बोगदा संपल्यानंतरच्या एका जागेनं. त्या जागेला सगळे एस वळण म्हणतात.

एस वळण रेसिंगमध्ये लाडकं असतं. एकच वळण असेल तर गाडी एका बाजूला कलते, सावरते, संपलं. एसमध्ये उजवीकडं कललेली गाडी सावरायच्या आत तिला डावीकडं फेकायचं असतं. दाबलेली स्प्रिंग उसळते आणि तो उसळा नेमका दुसऱ्या वळणाच्या ओढीत मिसळतो. सेटअपची सगळी मजा इथं आहे. अँटी-रोल बार फार कडक केला तर गाडी कमी कलते पण टायर पकड सोडतात, फार मऊ ठेवला तर गाडी होडीसारखी डुलते. आणि चालवायची युक्ती अशी की पहिल्या वळणावर पाणी सोडायचं. तिथं मुद्दाम हळू जायचं, उशिरा आत घुसायचं, म्हणजे दुसऱ्याला गाडी सरळ मिळते. त्यातही शक्य तेवढा अख्खा रस्ता वापरायचा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलं की एस जवळपास सरळ रेघ होतो.

अशा सेटअपला घरबसल्या हात लावायची सोय तशी जुनी आहे. १९८४ च्या सुमारास जेफ क्रॅमंड या इंग्रज माणसानं बीबीसी मायक्रोवर 'रेव्ज' काढला, त्यात फॉर्म्युला थ्री गाडीचे विंग बदलता येत. १९८९ मध्ये पॅपिरसचा 'इंडियानापोलिस ५००' आला. पण मला भारावून टाकलं ते याच पॅपिरसच्या १९९८ च्या 'ग्रां प्री लेजंड्स'नं. माझ्या बालवाडीच्या काळातला गेम मी कॉलेजात जुन्या लॅपटॉपवर चालवला. त्यात १९६७ चा मोसम आहे. सीटबेल्ट नाही, कडेला लोखंडी कठडे नाहीत. झाडं, खांब आणि घरं आहेत.

त्यात बेल्जियमचं जुनं स्पा आहे. १४ किलोमीटरची ही फेरी म्हणजे खास बांधलेला ट्रॅक नव्हे, फ्रांकोरशां, माल्मेदी आणि स्ताव्हलो या गावांमधले रोजच्या वापराचे रस्ते जोडून केलेलं सर्किट. माझ्या खंबाटकीसारखंच. त्यात मास्टा नावाची जागा होती. लांब सरळ रस्ता, मग घरांच्या मधून झटक्यात डावं-उजवं, पुन्हा सरळ. एस वळणच. १९६६ च्या शर्यतीत पहिल्याच फेरीत पाऊस आला आणि जॅकी स्टुअर्टची गाडी मास्टाजवळ रस्त्याबाहेर गेली. तो आत अडकला, अंगावर पेट्रोल गळत होतं. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट या दोन ड्रायव्हरनी त्याला सोडवलं, तेही एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून. त्यानंतर स्टुअर्ट स्टीअरिंगला पाना चिकटवून गाडी चालवायचा. त्यानं सुरक्षेचा प्रश्न असा लावून धरला की लोक त्याला भित्रा म्हणाले. १९६९ मध्ये ड्रायव्हरनी स्पावर यायला नकार दिला आणि शर्यतच रद्द झाली. १९७० नंतर फॉर्म्युला वन त्या जुन्या फेरीवर कधी गेलं नाही. पुढं १९७९ मध्ये छोटं स्पा तयार झालं, त्यात मास्टा नाही.

हे सगळं मला पाठ होतं. मास्टावर किती माणसं अडखळली ते सांगू शकलो असतो. खंबाटकीच्या एस वळणावर काय झालंय हे मात्र मी ट्रॅक बनवेपर्यंत नीट वाचलेलं नव्हतं.

१० एप्रिल २०१८. पहाटेची वेळ. कर्नाटकातल्या विजयपूर भागातले मजूर एका टेम्पोत बसून शिरवळकडं कामाला निघालेले. बोगदा पार झाला आणि एस वळणावर टेम्पो उलटला. १८ जणांचा जीव गेला. मजूर बसलेल्या टेम्पोचं गणित मांडायला मी घाबरत होतो, पण मांडलं. वेग ६० चा ८० झाला तर गाडीला वळणाबाहेर ढकलणारी ओढ सव्वापटीनं नाही, पावणेदोन पटीनं वाढते, कारण वेगाचा वर्ग होतो. माणसं हौद्यात बसली की वजन वर जातं, आणि ते पोत्यांसारखं बांधलेलं नसतं. पहिल्या वळणात सगळे एका बाजूला सरकतात, दुसऱ्यात सगळे दुसऱ्या. सिम्युलेटरमध्ये गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची वगैरे साध्या टेक्स्ट फाइलीत असतं. मी ती उंची वाढवली आणि ८० नं गेलो. पहिलं वळण निघालं. दुसऱ्यात उलटलो. मग रिसेटचं बटण दाबलं. बराच वेळ पुढं काही केलं नाही.

अण्णांची गोष्ट इथं सांगायला हवी. माझे वडील नव्वदच्या दशकात टाटा १२१० चालवायचे. सांगलीची हळद, गूळ, तासगावचे बेदाणे भरून वाशी मार्केट. आमच्याकडची रेल्वे खंबाटकीच्या वाटेला जात नाही, ती मिरज-सांगली-कऱ्हाडवरून वाठार, लोणंद, नीरा असा वळसा घेते. रेल्वेला चढ सोसत नाही. ट्रकला तो सोसावा लागतो. तेव्हा बोगदा नव्हता, तो २००० च्या आसपास आला. चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या सगळ्या गाड्या त्या एकाच घाटात. साखरेची गाडी समोरून आली की एकानं थांबायचं.

१६ टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरतो तेव्हा साधारण ५० लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता कुठंतरी जायला हवी असते. सगळी ब्रेकवर टाकली की ड्रम तापतो, लायनर जळका वास मारतो आणि पेडल दाबूनही गाडी धावतच राहते. म्हणून इंजिनलाच ब्रेक करायचा. अण्णांचा नियम एका ओळीचा: "ज्या गेरात घाट चढतो, त्याच गेरात उतरायचा." डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या पोरांवर ते आजही चिडतात. काहीजण तर इंजिनच बंद करायचे. मग कॉम्प्रेसर थांबतो आणि टाकीतली हवा ब्रेकच्या प्रत्येक दाबाबरोबर कमी होत जाते.

दिवाळीच्या सुट्टीत स्टीअरिंग सांगलीला नेलं आणि अण्णांना बसवलं. गाडीला ट्रकचं वजन दिलं होतं, ब्रेक तापण्याचा हिशोबही चालू केला होता. उलट्या दिशेनं, म्हणजे त्यांच्या काळातल्या उतरणीनं, घाट लावला. माथ्यावर त्यांनी गाडी जवळपास थांबवली. दुसरा गिअर टाकला आणि उतरायला लागले. ब्रेकला पाय लावला तो मोजून, दाबला की लगेच सोडला. पेडल घासत ठेवायचं नाही, हे मला कुठल्याही व्हिडिओनं सांगितलं नव्हतं. खाली पोचायला मला लागतो त्याच्या तिपटीहून जास्त वेळ लागला, ड्रमचा आकडा मात्र हिरव्यातच राहिला.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"वळणं बराबर हायत. पर वास येत न्हाई लेका."

"कसला वास?"

"बिरेकचा. वास आला म्हंजे माणूस भितो. ह्यात भ्या वाटत न्हाई."

मी हसलो. सुट्टी संपल्यावर अण्णा काही कामासाठी माझ्याबरोबर पुण्याला निघाले. रात्र होती. बोगद्यातून बाहेर पडलो, रस्ता मोकळा दिसत होता, आणि माझ्या हातांनी माझ्याआधी ठरवलं. शेकडो वेळा मारलेली ओळ. डावीकडून उजवी कड, उजवीकडून डावी. मी एस सरळ करायला घेतला. दुसऱ्या वळणात डाव्या लेनला एक टेम्पो होता, मागचे दिवे नसलेला. माझ्या ट्रॅकवर तिथं कधीच काही नसतं. स्टीअरिंग ओढलं, मागची चाकं जरा सुटली, पुन्हा पकडली. आम्ही बाजूनं निघून गेलो. टेम्पोवाल्याला बहुधा काही कळलंही नसेल.

अण्णा शिरवळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "किल्ली दे." पुढं पुण्यापर्यंत त्यांनी चालवली, वय सत्तरच्या जवळ असताना.

त्यानंतर मी त्या जागी दुसऱ्यांच्या गाड्या बघायला लागलो. आपल्याकडचे कितीतरी लोक तेच करतात, कुठलाही सिम्युलेटर न खेळता. लेन सोडून एस सरळ करतात, कारण गाडीला ते सोपं जातं, पोटात कमी ढवळतं. उतार आहे, बोगद्यातला सरळ रस्ता नुकताच संपलेला आहे, वेग अंगात आहे. ड्रायव्हर बेशिस्त आहेत असं म्हणून हा विषय मिटवता येतो आणि आपण तो बरीच वर्षं तसाच मिटवत आलो. पण रस्ताही माणसाला काहीतरी करायला लावतो. ज्या जागी सगळे तीच चूक करतात, तिथं ती चूक जागेचीही असते. मी कोड लिहितो, तिथं एकाच बटणावर शंभर लोक चुकले तर आम्ही बटण बदलतो.

बदल होतोय हेही खरं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं खंबाटकीत नव्या जोडबोगद्यांचं काम हाती घेतलं. प्रत्येकात तीन लेन, एकूण ६.४३ किलोमीटरचा प्रकल्प, आणि त्यातला एक उघड हेतू एस वळण टाळणं हा आहे. मास्टासारखं तेही नकाशातून बाजूला पडेल. फरक एवढाच की स्पावरचे ड्रायव्हर येत नाही म्हणू शकले. विजयपूरहून पहाटे कामावर निघालेल्या माणसाला तसं म्हणता येत नव्हतं.

ट्रॅक मी अजून कुणाला दिलेला नाही. ऑफिसातले मित्र मागतात, लॅप टाइमची यादी लावू म्हणतात. परवा मी त्यात डाव्या लेनला एक टेम्पो उभा केला. दिवे बंद. प्रत्येक फेरीला त्याची जागा बदलते. माझी वेळ २० सेकंदांनी वाढली आहे. यादीत अण्णांचं नाव अजून सगळ्यात खाली आहे, आणि तेवढ्या एकाच नावापुढं उलटण्याचा आकडा शून्य आहे.