पाटीवरची नावं, पाटीमागच्या बायका

पुण्यात खरेदीला निघालो की आपली नजर असते भावावर, पिशवीवर आणि गर्दीतल्या पाकिटावर. आज आम्ही तुम्हाला जरा मान वर करून बघायला सांगणार आहोत. शहराचा इतिहास इमारतींच्या माथ्यावर आणि दुकानांच्या पाट्यांवरही लिहिलेला असतो.

मंडईपासून सुरुवात करू. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत १८८६ साली उघडली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. नव्या मंडईला तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं होतं. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी मंडईवर एवढा खर्च करायला विरोध केला होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. एक पाटी बदलली, तिच्यात केवढा इतिहास!

तिथून लक्ष्मी रोडला या. मुलींची हुजूरपागा शाळा १८८४ साली सुरू झाली. ही जागा पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची. घोडे गेले, मुली आल्या, नाव मात्र पागेचंच राहिलं.

आता जुनी दुकानं बघा. कुठे चुन्यात उठवलेली अक्षरं, कुठे पेंटरने ब्रशने रंगवलेली आणि बाजूला सावली दिलेली. ‘स्थापना’ आणि खाली साल. मोजक्या आकड्यांचा जुना फोन नंबर. आणि पुण्याची खास ओळ, ‘आमची कोठेही शाखा नाही’. नावांत ‘बंधू’ भेटतात, ‘आणि सन्स’ भेटतात, ‘आणि मंडळी’ भेटते. बहिणी, सुना, लेकी फारशा भेटत नाहीत. मसाला कुटणारी, वाती वळणारी, पापड लाटणारी, दुकान मागे असेल तर दुपारी गल्ल्यावर बसणारी बाई पाटीवर नसते.

पाटी नसली की काय होतं, ते बुधवार पेठेत दिसतं. दगडूशेठ गणपतीसमोरच्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्या वाड्याच्या तळमजल्यावर पुढे दुकानं होती. आपल्यातल्या कितीजणी समोरच्या देवाला हात जोडून त्या दाराशिवाय पुढे गेल्या असतील! वाडा मोडकळीला आला, प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडला गेला. स्मारक हवंच. पण ज्या वाड्यात त्या मुली शिकल्या, तो वाडा आता कुणालाच दाखवता येणार नाही.

जुनी प्रत्येक भिंत राखता येणार नाही, हे आम्हालाही कळतं. गळक्या छपराखाली राहणाऱ्यांना नवं घर हवंच असतं. पण पाडण्याआधी नोंद तर करता येते. आपल्या पेठेतल्या, गावातल्या जुन्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढा. दुकानात जाऊन विचारा, ही कुणी रंगवली, साल कुठलं, आणि तेव्हा घरातून दुकानाला कुणाकुणाचे हात लागायचे? आजी सांगतील, काकू सांगतील. ती नावं वहीत लिहा, आणि फोटोमागेही लिहा. फ्लेक्स लागायच्या आत एवढं आपण करूया.