बारीक रेस

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या. एका स्क्रूलाही इतिहास असतो, हे मला सत्तरीनंतर खाडीत कळलं.

भाच्याच्या छोट्या होडीतून आम्ही खाडीच्या मुखाकडून परतत होतो. मागचं पेट्रोलचं इंजिन जोरात असताना झकास चालायचं. धक्का जवळ आला, रेस कमी केली, की फुस्सकन बंद! ओहोटी लागलेली. होडी उलटी मुखाकडे वाहू लागली. भाचा दोरी ओढून घामाघूम झाला. शेवटी वल्ही मारत कसेबसे काठाला लागलो.

जोरात चालणारं इंजिन हळू का चालू नये? म्हणून वाचायला घेतलं.

१८८६ साली जर्मनीत डाइम्लर आणि मायबाख यांनी नेकार नदीत पेट्रोल इंजिनाची होडी चालवली. लोक स्फोटाला घाबरायचे, म्हणून डाइम्लरने होडीवर तारा लावून ती विजेची भासवली, असं सांगतात. त्या काळच्या कार्ब्युरेटरमध्ये हवा पेट्रोलवरून फिरून वाफ घेऊन इंजिनात जायची. पेट्रोलचा हलका भाग आधी उडून जाई, जड मागे राही आणि मिश्रण बिघडे. १८९३ मध्ये हंगेरीच्या बांकी आणि चोंका यांनी, आणि त्याच वर्षी मायबाखनेही, बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर पुढे आणला.

हा फवारा उडतो तो आत धावणाऱ्या हवेच्या ओढीने. गोम इथेच आहे. रेस कमी केली की झडप जवळजवळ मिटते आणि मुख्य छिद्रापाशी ओढच उरत नाही. म्हणून पुढे संथ चालीसाठी एक वेगळी अरुंद वाट आणि तिचा वेगळा स्क्रू आला. धावण्यापेक्षा हळू चालणं अवघड, हे यंत्रालाही चुकलं नाही.

तोच स्क्रू आम्ही मामा-भाचे महिनाभर पिळत होतो!

दुरुस्तीला आलेला मेकॅनिक माझाच विद्यार्थी निघाला. सनावळीत कच्चा. मी त्याला कितीदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "सर, स्क्रू फिरवल्यावर आवाजात फरक पडतो का?"

"नाही."

"मग स्क्रूचा दोष नाही. वाट बंद आहे."

पावसाळाभर पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये बसला होता. त्याने जेट धुतला, हवा मारली. स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत नेला, दीड फेरा बाहेर काढला आणि इंजिन गरम होऊ दिलं. स्क्रू आत नेला तसं इंजिन अडखळू लागलं, फार बाहेर काढला तसं भकभकू लागलं. दोन्हींच्या मध्ये, किंचित पेट्रोलच्या बाजूला त्याने तो ठेवला. मग गिअर टाकून पाहिला. इंजिन बंद पडलं नाही.

निघताना मी म्हटलं, "अरे, तुला मी फार वेळा बाहेर उभं केलं रे."

तो हसला. "बरं झालं सर. बाहेरून होड्या दिसायच्या."

मला काही बोलता आलं नाही. इंजिन तेवढं बारीक आवाजात चालू होतं.