बालकांचा इसब आणि प्लासिबोची कसोटी

इसब (अ‍ॅटॉपिक डर्माटायटिस) हा बालवयात वारंवार उद्भवणारा, परंतु संसर्गजन्य नसलेला त्वचाविकार आहे. कोरडी त्वचा, लालसर चट्टे आणि तीव्र खाज ही त्याची प्रमुख लक्षणे होत. हा विकार कधी उफाळतो, कधी आपोआप शमतो. वयाबरोबर अनेक मुलांमध्ये तो ओसरतोही. त्यामुळे खाज टिपेला असताना दिलेला कोणताही उपाय पुढे गुणकारी भासू शकतो.

श्रेय उपचाराचे की विकाराच्या स्वाभाविक चढउताराचे, हे पडताळण्यासाठी काही रुग्णांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखाच दिसणारा पण औषधी घटक नसलेला पदार्थ, दिला जातो. कोणाला काय मिळाले, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासूनही गुप्त ठेवतात.

बोरेज वनस्पतीच्या बियांच्या तेलाचे उदाहरण बोलके आहे. ताकवले व सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये केलेली चाचणी २००३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. १४० रुग्णांच्या निष्कर्षांत ६९ मुलांचा समावेश होता; मुलांसाठी प्लासिबो म्हणून ऑलिव्ह तेल वापरले होते. बारा आठवड्यांत विकाराच्या तीव्रतेचा सरासरी गुणांक बोरेज गटात ३० वरून २७, तर प्लासिबो गटात २८ वरून २३ वर आला. प्लासिबो गट नसता, तर तीन गुणांची ती घट तेलाचाच गुण मानली गेली असती.

मात्र, ज्ञानासाठी बालकाला खाजेने तळमळत ठेवणे समर्थनीय नाही. म्हणून त्वचा मऊ राखणारे मलम व आवश्यक तेव्हा स्टेरॉइड मलम दोन्ही गटांना देऊन, त्यात नव्या औषधाची किंवा प्लासिबोची भर घालणे, हा योग्य मार्ग ठरतो. भारतातील २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार, प्रमाणित उपचार उपलब्ध असूनही तो न देता प्लासिबो वापरल्याने इजा झाल्यास भरपाई देय ठरते.

पालकांची लेखी संमती अनिवार्य असून, निरक्षर पालकांसाठी तटस्थ साक्षीदार लागतो. धाराशिव जिल्ह्यातील परंडा किंवा भूम तालुक्यातल्या शेतमजूर मातेच्या दृष्टीने ही तरतूद केवळ कागदी नाही. ‘मुलाला कदाचित औषध मिळणार नाही, नकार दिलात तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत,’ ही दोन वाक्ये तिला सोप्या मराठीत समजली, तरच त्या संमतीला अर्थ उरतो.