खिशात मावलेले शतक

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ही घटना महाराष्ट्रातल्या कोणत्याही वाचकाला सांगावी लागत नाही. प्रयोग ‘संगीत शारदा’चा होता आणि निमित्त जॅक्सनच्या निरोपाचे होते. जॅक्सन संस्कृतचा व्यासंगी होता, हा तपशीलही बहुतेकांना ठाऊक असतो. या घटनेची चर्चा आपण नेहमी विचारांच्या अंगाने करतो : अभिनव भारत, मॅझिनी, जहाल आणि मवाळ. त्या चर्चेत एक वस्तू मात्र कायम दुर्लक्षित राहते. ती म्हणजे कान्हेरे यांच्या हातातले ब्राउनिंग पिस्तूल. भरल्या नाट्यगृहात ते कुणाला दिसले नाही. न दिसण्यासाठीच ते घडवलेले होते. त्या न दिसण्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहायला हवा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिलाडेल्फियातील हेन्री डेरिंजर हा कारागीर तळहातात झाकता येईल असे एकबारी पिस्तूल बनवीत असे. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला लोटलेल्या, परस्परांवर विश्वास नसलेल्या माणसांत त्याला मोठी मागणी होती. नकला इतक्या झाल्या, की डेरिंजरला न्यायालयाची पायरी चढावी लागली. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथ या नटाने याच पिस्तुलाने अब्राहम लिंकनवर गोळी झाडली. बार एकच असल्यामुळे बूथने सोबत सुराही आणला होता, आणि अडवू पाहणाऱ्या अधिकाऱ्यावर त्याने तो चालवला. पुढे कारागिराच्या आडनावात एक जादा ‘र’ शिरला आणि खिशातल्या कोणत्याही छोट्या पिस्तुलाला इंग्रजीत तेच नाव पडले. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याची उदाहरणे शोधणाऱ्या भाषेच्या विद्यार्थ्याने हे अवश्य टिपून ठेवावे.

डेरिंजरच्या पिस्तुलाची मर्यादा एका बाराची होती. रिव्हॉल्व्हरने ती ओलांडली, पण त्याचे फिरते, फुगीर चक्र कोटाखालून उठून दिसे. या अडचणीतून वाट निघाली ती रसायनशास्त्रामुळे. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूररहित दारू तयार केली. जुन्या काळ्या दारूची काजळी यंत्रात साचत असे. नवी दारू स्वच्छ जळे आणि थोडक्यात अधिक जोर देई. त्यामुळे उडालेल्या गोळीच्याच धक्क्याने पुढची गोळी भरणारी नाजूक यंत्रणा व्यवहारात आणता आली. अमेरिकेतल्या यूटा प्रांतात १८५५ साली जन्मलेल्या जॉन मोझेस ब्राउनिंगने गोळ्या मुठीच्या पोकळीत एकावर एक रचल्या आणि हत्यार चपटे केले. बेल्जियममधील एर्स्तालच्या कारखान्यात १९०० चा नमुना तयार झाला, त्यात सात गोळ्या बसत. त्याच कारखान्याच्या १९०६ च्या नमुन्याची लांबी साडेअकरा सेंटिमीटरांच्या आसपास होती आणि वजन चारशे ग्रॅमांहून कमी. ते जाकिटाच्या खिशात मावे.

हे सारे आत्मसंरक्षणाच्या नावाने विकले जात होते, आणि त्या नावात केवळ लबाडी होती असे म्हणता येणार नाही. रात्री एकटा परतणारा दुकानदार, परक्या शहरातला प्रवासी यांची भीती खरी होती. फ्रान्समध्ये सायकलस्वारांना कुत्र्यांपासून बचावासाठी ‘वेलोडॉग’ नावाचे छोटे रिव्हॉल्व्हर मिळत असे. तथापि जो गुण गरीब पादचाऱ्याचा आधार होतो, तोच गुण दबा धरणाऱ्यालाही उपयोगी पडतो. १९०४ साली हेलसिंकीत ऑइगेन शाउमानने रशियन गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्हला मारले, ते ब्राउनिंगच्या १९०० च्या नमुन्याने. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिनच्या स्थानकावर आन जुंग-गुन या कोरियन देशभक्ताने जपानचे इतो हिरोबुमी यांना मारले, तेही त्याच नमुन्याने. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नाशिक घडले.

हिंदुस्थानात या गोष्टीला आणखी एक पदर होता. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची मनाई केली होती, आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. म्हणजे आत्मसंरक्षणाचा हक्कही वर्णानुसार वाटलेला होता. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली. ती ट्रंकेच्या चोरकप्प्यात दडवलेली होती. त्यांतलेच एक नाशिकला पोचले. ती चपटी नसती तर एका ट्रंकेच्या तळाशी वीस नग दडवणे अवघड झाले असते. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फाशी झाली. आपण त्यांना वंदन करतो आणि करावेही. पण त्या वंदनात हत्याराला साधुत्व देण्याची एक सवय मिसळते, ती तपासून पाहिली पाहिजे.

कारण ही साखळी नाशिकला संपत नाही. १९०८ साली ब्राउनिंगने रचलेली नऊ मिलिमीटरची आखूड गोळी बाजारात आली. २८ जून १९१४ रोजी सारायेवोत गाव्रिलो प्रिन्सिपच्या पिस्तुलात त्याच जातीची गोळी होती. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात नथुराम गोडसेने गांधीजींवर झाडलेल्या बेरेटा पिस्तुलातही तीच. गर्दीत, नमस्कार करता येईल इतक्या अंतरावरून. मराठी वाचकाला १९०९ अभिमानाने आठवते आणि १९४८ पुढे तो खाली पाहतो. ही दोन्ही वर्षे एकाच वस्तूच्या इतिहासात बसतात, ही अस्वस्थ करणारी गोष्ट आपल्या अध्यापनात क्वचित येते. हेतूंतला फरक मोठा आहे आणि तो पुसायचा नाही. मात्र तो फरक माणसांना करावा लागतो, हत्यार तो करीत नाही.

हा इतिहास अजून चालू आहे. अमेरिकेत फ्लोरिडाने १९८७ साली लपवून शस्त्र बाळगण्याचे परवाने सुलभ केले, आणि १९९४ च्या केंद्रीय कायद्याने नव्या पिस्तुलांच्या मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा घातली. दहाच भरायच्या तर पिस्तूल मोठे कशाला, असा हिशेब करून कारखान्यांनी ते लहान केले. १९९५ चे ग्लॉक २६ हे त्याचे ठळक उदाहरण. ती मर्यादा २००४ साली उठली, लहान करण्याची ओढ राहिली. २०१८ साली सिग सावरच्या पी ३६५ ने त्याहून सडपातळ देहात दहा गोळ्या बसवल्या. जाहिरातीतला शब्द अजूनही आत्मसंरक्षण हाच आहे.

नाशिकच्या त्या रात्री प्रेक्षकांनी काय पाहिले, हे आपण वारंवार लिहिले आहे. त्यांना काय दिसले नाही, तेही आता लिहायला हवे.