बोटीवरच्या खेळघराचं दार

क्रूझवरच्या मुलांच्या क्लबात शिरायला पूर्वी दोन प्रश्नांची उत्तरं पुरत. मूल किती वर्षांचं? आणि ते शी-शू सांगतं का? वय ३ ते ११मध्ये बसलं आणि दुसऱ्या प्रश्नाला 'हो' आलं, की मूल आत आणि आईबाप दोन तास मोकळे. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे असे नियम मला चांगलेच ओळखीचे आहेत. दोन अटी, एक दार. अटी लिहिणाऱ्याच्या मनात कुणाला बाहेर ठेवायचं नसतं. त्याच्या डोळ्यांसमोर एक सर्वसाधारण मूल असतं, इतकंच. स्वमग्न मुलांसाठी मात्र नेमक्या याच दोन अटींची भिंत झाली. ती कशी उभी राहिली आणि कुठे कुठे पडली, ते इथे सांगायचं आहे.

मी यात शिरलो एका फॉर्ममुळे. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न. क्रूझचं बुकिंग करताना मुलाच्या गरजांविषयी एक लांबलचक फॉर्म आला, तो तिनं मला पाठवला. "तुला असलं वाचायची सवय आहे, बघ रे काय काय भरायचं ते." आवाजाचा त्रास होतो का, डायपर लागतो का, कोणत्या वयाच्या मुलांत रमतो, असे प्रश्न त्यात होते. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की आम्ही विचारतो, ही कधी आली, कशामुळे आली? इथेही तेच झालं.

मुळात बोटीवर मुलं आली कशी? १९५८पासून जेट विमानांनी अटलांटिक महासागर काही तासांवर आणला आणि प्रवासी बोटींचं मूळ कामच गेलं. मग बोटवाल्यांनी नवा धंदा शोधला: कुठे पोचायचं नाही, नुसतं फिरून यायचं. १९६६च्या डिसेंबरात 'सनवर्ड' ही बोट मायामीहून सफरींना निघाली. आजच्या कॅरिबियन क्रूझची गोष्ट बहुधा तिथून सांगितली जाते. सुरुवातीचं गिऱ्हाईक बरंचसं उतारवयातलं. मुलांकडे गिऱ्हाईक म्हणून नीट लक्ष गेलं ते ऐंशीच्या दशकात. प्रीमियर क्रूझ लाइन्स या कंपनीनं डिस्नेशी हातमिळवणी करून आपल्या लालभडक बोटींवर मिकी माऊस आणला. १९९८मध्ये डिस्नेनं स्वतःचीच 'डिस्ने मॅजिक' सफरीवर काढली. तोवर मुलांचा क्लब नसलेली बोट कुटुंबांना विकणं अवघड झालं होतं. रॉयल कॅरिबियनच्या 'ॲडव्हेंचर ओशन'मध्ये ३ ते ५, ६ ते ८, ९ ते ११ असे गट. आराखडा थेट शाळेचा: जितकं वय, तितकी समज.

हे गृहीतक खोटं ठरवणारी मुलं वैद्यकाला तेव्हा नवी नव्हती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लिओ कॅनर यांनी १९४३मध्ये ११ मुलांचं वर्णन करणारा निबंध छापला होता. त्या मुलांची काही क्षमता वयाच्या कितीतरी पुढे, तर काही मागे होती. रोजच्या क्रमात जरा बदल झाला की ती कासावीस होत. पण पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली आयांना दोष देण्यात. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, या समजुतीला ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकानं आणखी बळ दिलं. तिला मोठा धक्का त्याआधीच, १९६४मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी दिला होता. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील, आणि नोकरीला होते अमेरिकी नौदलात, मानसशास्त्रज्ञ म्हणून. १९७०च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी 'टीच' हा कार्यक्रम उभा केला: पुढे काय होणार हे मुलाला चित्रांच्या वेळापत्रकातून दाखवायचं, जागा आणि क्रम ठरलेला ठेवायचा. म्हणजे बोटींवर क्लब आले तेव्हा या मुलांना कसं सामावून घ्यायचं याचं ज्ञान जमिनीवर तयार होतं. ते बोटीवर चढलं नव्हतं.

का चढलं नव्हतं याचं एक कारण बोटीच्या मागच्या टोकाला फडकत असतं. अमेरिकेचा अपंगत्व कायदा २६ जुलै १९९०ला झाला. हॉटेल, नाट्यगृह, पाळणाघर अशा सगळ्या सार्वजनिक ठिकाणांना तो लागू होता. पण मायामीहून निघणाऱ्या बोटींवर झेंडे असत बहामाचे, पनामाचे, लायबेरियाचे. कंपन्यांचं म्हणणं, बोट परदेशी, कायदा तुमचा. या वादात २०००मध्ये एका अपील न्यायालयानं अमेरिकी हद्दीतल्या परदेशी बोटींनाही कायदा लागू होतो असा निकाल दिला. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका प्रवासी बाईंनी हा दावा लावला होता, आणि प्रतिवादी कोण, तर मिकी माऊसवाली प्रीमियर. दुसऱ्या अपील न्यायालयानं उलटा निकाल दिला, आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला.

'स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन' या खटल्याचा निकाल ६ जून २००५ला लागला. अमेरिकी पाण्यात असताना कायदा लागू. बोटीची सुरक्षितता किंवा आंतरराष्ट्रीय करार आड येत असतील तिथे नाही. खटला प्रामुख्याने चालण्या-फिरण्यातल्या अडचणींचा होता. मला मात्र त्यातला एक बारीक आरोप महत्त्वाचा वाटतो. फिर्यादींचं म्हणणं होतं की एखाद्या अपंग प्रवाशामुळे इतरांच्या 'आरामा'ला बाधा येत असेल, तर त्याला बोटीवरून उतरवण्याचा अधिकार कंपनीनं राखून ठेवला आहे. व्हीलचेअरनं कुणाचा आराम बिघडतो? पण जेवणाच्या हॉलमध्ये कानांवर हात दाबून किंचाळणाऱ्या मुलाच्या आईला तो शब्द बरोबर कळतो. शेजारच्या टेबलावरून वळणाऱ्या माना तिनं पाहिलेल्या असतात.

कायद्यानं बोटीचा जिना उघडला. खेळघराचं दार उघडायला आईबापांची गर्दी लागली. 'ऑटिझम ऑन द सीज' ही संस्था २००७पासून स्वमग्न मुलांच्या कुटुंबांचे गट नेऊ लागली, सोबत स्वतःचे प्रशिक्षित मदतनीस घेऊन. मदतनीस मुलं सांभाळत, रांगा टाळायची व्यवस्था लावत, आणि आईबापांना कित्येक वर्षांनी दोघांनीच बसून जेवता येई. कंपनीलाही यातून एक गोष्ट दिसली: ही माणसं पैसे भरून येतात, आणि नीट वागवलं तर पुन्हा येतात. २०१४मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं ६८ मुलांमागे एक मूल स्वमग्न असल्याचा अंदाज दिला. त्याच वर्षी रॉयल कॅरिबियननं 'ऑटिझम-स्नेही' म्हणून जाहीर केलेल्या सोयींत ते दोन जुने प्रश्न बदललेले दिसतात. क्लबातला गट वयाऐवजी मुलाच्या क्षमतेनुसार ठरवता येईल. आणि डायपर लागत असला तरी ३ ते ११ वयाच्या मुलांना सवलत मिळेल.

बाकीच्या सोयीही होत्या: मंद आवाजाचे सिनेमे, खेळणी, वेगळा आहार, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. त्या जाहिरातीत छान दिसतात. डायपरची सवलत जाहिरातीत दिसत नाही, पण माझ्या लेखी सगळ्यात मोठी तीच. सहा वर्षांच्या मुलाला दारातून परत पाठवलं जातं तेव्हा कारण कुणी मोठ्यानं सांगत नाही, आणि आईही विचारत नाही.

२०१३मध्ये निदानाच्या अमेरिकी नियमावलीत आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा अतिरेकी किंवा अगदी कमी परिणाम होणं हे स्वमग्नतेचं अधिकृत लक्षण ठरलं. आया हे कधीपासून सांगत होत्या. २०१८मध्ये कार्निव्हल कंपनीनं 'कल्चरसिटी' या संस्थेकडून प्रशिक्षण घेतलं आणि आवाज अडवणारे हेडफोन, हातात चाळवायच्या वस्तू अशा पिशव्या बोटीवर ठेवल्या. बोटीवरचा सगळ्यात कठीण क्षण म्हणजे निघण्याआधीची सुरक्षा कवायत: सात छोटे भोंगे, एक लांब, आणि शेकडो माणसं एका जागी खेटून उभी. २०२०मध्ये रॉयल कॅरिबियननं ही कवायत बरीचशी फोनवर आणली. गर्दीत उभं राहणं टळलं. ती काही स्वमग्न मुलांसाठी केलेली नव्हती. पण फायदा त्यांचाही झाला.

भिंत पूर्ण पडली आहे का? नाही. एका मुलामागे एक माणूस क्लब देत नाही; तेवढी गरज असेल तर तुमचं माणूस तुम्ही आणा, असंच उत्तर मिळतं. मूल बिथरलं की आईबापांचा फोन वाजतो. आणि काही स्वमग्न मुलं नजर चुकवून निघून जातात, पाण्याची त्यांना ओढ असते. चारी बाजूंनी समुद्र असताना कंपनीची भीती नुसती सबब म्हणून उडवून लावता येत नाही. पण धोका कुठला आणि गैरसोय कुठली, हे त्या-त्या मुलाकडे बघून ठरवायला हवं. अमेरिकी कायदा पाळणाघरांकडूनही तेच मागतो: सरसकट नकार नको, प्रत्येक मुलाचा वेगळा विचार करा.

आपल्याकडेही या गोष्टीचा एक तुकडा आलेला आहे. २०२१पासून कॉर्डेलिया क्रूझेसची 'एम्प्रेस' मुंबईहून सफरी करते. ही मूळची रॉयल कॅरिबियनची 'नॉर्डिक एम्प्रेस', सेवेत आली १९९०मध्ये, म्हणजे त्या अमेरिकी कायद्याच्याच वर्षी. आपल्या १९९५च्या अपंगत्व कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०१६च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ती आली. बोट विकत घेता येते. तिच्यावरच्या दारांचे नियम मात्र प्रत्येक देशाला स्वतःच लिहावे लागतात. ते लिहिताना डोळ्यांसमोर कोणतं मूल असेल, यावर कोणत्या आईला दोन तास मिळतील हे ठरेल.