मीटरच्या पलीकडची वायर

वाशी-नेरुळच्या एखाद्या सोसायटीत, स्टिल्टमधल्या खांबावर बसवलेला कारचा चार्जर रात्री साडेदहाला लाल दिवा दाखवून गप्प झाला, की निदान ठरलेले असते: नेट गेले. मालक मोबाइलवरचे अ‍ॅप उघडतो, तिथे ‘ऑफलाइन’ दिसते. राउटर बंद करून चालू केला जातो, अ‍ॅप काढून पुन्हा टाकले जाते, हेल्पलाइनवरून तक्रार क्रमांक मिळतो. दुसऱ्या दिवशी कंपनी म्हणते वायरिंग तपासा, वायरमन म्हणतो कंपनीला बोलवा, वीजमंडळाचा माणूस म्हणतो मीटरपर्यंत सप्लाय आहे, पुढचे तुमचे तुम्ही बघा, आणि सेक्रेटरी विषय कमिटीत ठेवतो. या चौघांपैकी खोटे कोणीच बोलत नसते. प्रत्येक जण आपापल्या हद्दीपुरते खरे बोलतो, आणि या हद्दी शंभर वर्षांच्या अंतरात निरनिराळ्या कारणांनी आखल्या गेल्या आहेत. माझे म्हणणे एवढेच की घरच्या चार्जरला इंटरनेट चिकटले ते विजेच्या गरजेपोटी नव्हे, हिशेबाच्या गरजेपोटी. हे विसरल्यामुळे बिघाड शोधण्याचा क्रमच उलटा होऊन बसला आहे.

पहिली हद्द मीटरची. १९१० चा भारतीय विद्युत कायदा आणि त्याखालचे १९५६ चे नियम यांनी ती पक्की केली. मीटरपर्यंतची लाइन आणि मीटरचे सील पुरवठादाराचे, त्यापुढची वायर ग्राहकाची. ग्राहकाच्या बाजूचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे, हे नियम ४५ ने सांगितले. नियम ३३ ने पुरवठादाराला ग्राहकाच्या जागेत अर्थचे टर्मिनल द्यायला लावले, पण ग्राहकानेही स्वतःचे अर्थिंग करावे ही अपेक्षा ठेवलीच. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, २००५ मध्ये त्याचे तुकडे होऊन वितरण महावितरणकडे आले, २००३ च्या नव्या कायद्याने १९१० चा कायदा मोडीत काढला, तरी मीटरची रेषा जागची हलली नाही. लोकांच्या तोंडचा ‘बोर्डाचा माणूस’ हा शब्दही हललेला नाही. या रेषेच्या ग्राहकाकडच्या बाजूला एक धंदा उभा राहिला, वायरमनचा. त्याची पद्धत साधी आणि कडक होती: खालून वर जायचे. आधी कटआउट, मग मेन स्विच, मग न्यूट्रल, मग अर्थ, आणि सगळ्यात शेवटी उपकरण. पंखा फिरत नाही म्हणून पंखा उघडणाऱ्या वायरमनला कोणी वायरमन म्हणत नसे.

१७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई हे नवे शहर उभे राहू लागले, तेव्हा तिथल्या घरांचे वायरिंग याच पद्धतीच्या माणसांनी केले, पण ते पंखा, बल्ब, इस्त्री आणि फार तर फ्रिज यांच्या हिशेबाने. पंधरा अ‍ॅम्पियरचा पॉइंट म्हणजे स्वयंपाकघरातली किंवा बाथरूममधली चैन. जमिनीची गोष्ट मात्र वेगळी होती. या शहराचा बराचसा भाग खाजण, मिठागरे आणि भातखाचरे यांच्यावर बसला आहे. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी काही सेक्टरांच्या पातळीपेक्षा वर चढते, म्हणून सिडकोने डच धर्तीवर होल्डिंग पाँड बांधले, खाडीकडे उघडणारी झडपेची दारे बसवली. आता अशी खारट, ओली जमीन अर्थिंगला उत्तमच, कारण तिचा रोध कमी. म्हणून नवे अर्थिंग मोजले की आकडा झकास येतो. पण तेच मीठ जस्ताचा लेप खाते, पाइपाला पट्टी जिथे बोल्टाने जोडलेली असते तिथे गंज धरतो, आणि दहा-पंधरा पावसाळ्यांनंतर खड्ड्यातला पाइप शाबूत असला तरी पट्टी हाताने हलवली तर निखळून येते. जमीन चांगली, जोड वाईट. वरून काही कळत नाही. पंखे फिरतात, टीव्ही चालतो, कारण अर्थ नसली तरी त्यांचे काही अडत नाही. फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या येतात, त्याची सवय होते.

चार्जरचे मात्र अडते, आणि ते का, हे समजायला कॅलिफोर्नियाकडे जावे लागते. तिथल्या हवा मंडळाने १९९० मध्ये धूर न सोडणाऱ्या गाड्यांची सक्ती आणली, त्यानंतर प्लग कसा असावा यावर कंपन्यांचे वाद झाले. जनरल मोटर्सच्या १९९६ च्या गाडीला तर धातूचा संपर्कच न लागणारे, चुंबकी पॅडल होते. अखेर २००१ मध्ये मंडळाने धातूच्या टोकांचा प्लग निवडला आणि त्यासोबत ‘पायलट’ नावाची एक बारीक वायर मान्य झाली. आज आपल्याकडे बहुतेक गाड्यांना असलेला टाइप-टू प्लग जर्मनीतून आला, पण पायलट तोच. चार्जर या वायरवर बारा व्होल्ट ठेवतो. गाडी जोडली की ते नऊवर येतात, गाडीने वीज मागितली की सहावर, आणि मगच चार्जरमधला काँटॅक्टर खट्कन बसतो. सेकंदाला हजार ठोके पडतात आणि ठोक्याच्या रुंदीवरून गाडीला कळते की किती अ‍ॅम्पियर ओढायचे: सुमारे सत्तावीस टक्के रुंदी म्हणजे सोळा, त्रेपन्न टक्के म्हणजे बत्तीस. या संभाषणात इंटरनेट कुठेच नाही. आणि पायलटचा परतीचा रस्ता कोणता? अर्थची वायर. केबलमधली अर्थ तुटली तर गाडी आणि चार्जर एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. शिवाय बहुतेक चार्जर इमारतीच्या अर्थिंगचीही स्वतंत्र तपासणी करतात आणि ती नापास झाली तर सुरूच होत नाहीत. ज्या पट्टीकडे पंख्याने आणि फ्रिजने चाळीस वर्षे डोळेझाक केली, तिला पहिल्यांदाच कोणीतरी रोज रात्री हजेरी विचारू लागले.

मग नेट आले कुठून? तेही नेदरलँड्समधूनच, या शहराने त्या देशाकडून दोनदा उसनवारी केली म्हणायची, एकदा पाणी अडवायला आणि एकदा युनिट मोजायला. २००९ मध्ये तिथल्या वीज वितरण कंपन्यांच्या ई-लाड या संस्थेने रस्त्याकडेला चार्जिंगचे खांब लावायला घेतले. खांब वेगवेगळ्या कारखान्यांचे, पण हिशेब एकाच ठिकाणी व्हावा म्हणून ओसीपीपी ही बोली तयार झाली. मी अमुक खांब, सुरू झालो आहे, या कार्डाला परवानगी आहे का, इतके युनिट गेले, व्यवहार संपला. त्या बोलीचा गाभा हा असा दुकानदारीचा आहे. २०१५ च्या १.६ आवृत्तीने ती जगभर गेली. हे सारे अनोळखी माणसाने येऊन वीज विकत घेण्यासाठी होते. बंगल्याच्या आवारात, स्वतःच्या मीटरवर, स्वतःची गाडी लावणाऱ्याला यातले काहीही लागत नाही.

नवी मुंबईत बंगले थोडे, सोसायट्या फार. पार्किंग स्टिल्टमध्ये, मीटररूम जिन्याखाली, घर सातव्या मजल्यावर. स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत केबल ओढायची तर ती सामाईक भिंतीवरून जाणार, म्हणून ठराव हवा, ना हरकत पत्र हवे, आणि शेजाऱ्याची हरकत असणारच. त्यापेक्षा सोसायटीच्या कॉमन मीटरवर एक चार्जर लावून ज्याने वापरला त्याच्याकडून पैसे घेणे सोपे वाटले. पण सोसायटीने वीज विकायची कशी? परवान्याशिवाय वीज विकणे कायद्याला मान्य नाही. १३ एप्रिल २०१८ ला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की बॅटरी चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, तिला परवाना लागत नाही. दार उघडले. त्याच दारातून रस्त्याकडेच्या खांबाची बोली जिन्याखाली शिरली आणि ‘स्मार्ट’ हे नाव घेऊन बसली. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही ही गाडी बाजारात आली, राज्याच्या २०२१ च्या धोरणाने सवलती दिल्या आणि पार्किंगमध्ये चार्जरची संख्या वाढली. पण त्यांच्यातल्या नेटचा उगम खतावणीत आहे.

याचा पुरावा त्या बोलीतच सापडतो. १.६ आवृत्तीत चार्जरने कळवायच्या बिघाडांची एक ठरलेली यादी आहे. तिच्यात अर्थ-गळती आहे, जास्त व्होल्टेज, कमी व्होल्टेज, जास्त करंट, जास्त तापमान, प्लगचे कुलूप, काँटॅक्टर, मीटर, गाडीशी न जुळणारा संवाद, कार्ड वाचणारे यंत्र असे सगळे आहे. सिग्नलबद्दलची नोंद एकच. म्हणजे ज्यांनी हे नेटवर्क बांधले त्यांनाही बिघाड तांब्यात आणि लोखंडात होतात हे पक्के माहीत होते. ग्राहकाच्या पडद्यावर येईपर्यंत मात्र या सगळ्याचा अनेकदा एकच लाल शब्द होतो, आणि त्या शब्दाकडे पाहून माणूस राउटरकडे वळतो.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. दहा गाड्या एकाच वेळी ७.२ किलोवॅटने लागल्या तर ७२ किलोवॅट होतात. जुन्या सोसायटीच्या मुख्य केबलला हे झेपणार नाही, तेव्हा वीज वाटून देणारे नेटवर्क हवेच. वाटप हवे, हे मान्य. पण त्यासाठी ढगातला सर्व्हर लागत नाही. मुख्य केबलवर करंट मोजणारी एक सीटी बसवून तिथल्या तिथे चार्जरना कमी-जास्त करणारा कंट्रोलर मीटररूममध्ये राहू शकतो; पायलटच्या ठोक्याची रुंदी कमी केली की गाडी निमूट कमी ओढते. साऱ्या राज्याचा भार सांभाळणारे केंद्र ऐरोलीत आहे, पण म्हणून जिन्याखालचा भारही दूरवरच्या सर्व्हरनेच सांभाळावा असे होत नाही. दुसरा आक्षेप असा की सॉफ्टवेअरचे बिघाड काही काल्पनिक नाहीत: सिमची मुदत संपते, स्टिल्टमध्ये सिग्नल मरतो, फर्मवेअर अर्ध्यावर अडकते. खरे आहे. पण नेट गेल्यावर चार्जिंग थांबलेच पाहिजे असे ती बोली कुठेही म्हणत नाही. ओळखीच्या कार्डांची यादी चार्जरमध्येच ठेवायची, व्यवहार साठवून संपर्क आल्यावर पाठवायचे, ही सोय १.६ मध्ये आहे. नेट गेल्याबरोबर जो चार्जर बंद पडतो, तो बहुधा कोणाचे पैसे बुडू नयेत म्हणून तसा सेट केलेला असतो. पुन्हा खतावणीच. तिसरा आक्षेप वायरमनवर आहे: त्याला हे नवे यंत्र कळत नाही. हा आक्षेप अर्धा बरोबर आहे आणि तो जरा जवळून पाहायला हवा.

अर्थिंग तपासायची वायरमनची जुनी रीत म्हणजे होल्डरला दोन वायरी लावलेला शंभर वॅटचा बल्ब. एक टोक फेजला, दुसरे अर्थला. लख्ख पेटला तर अर्थ चांगली, मिणमिणला तर खराब. नियॉनच्या टेस्टरपेक्षा ही रीत कितीतरी प्रामाणिक, कारण टेस्टर हवेतल्या व्होल्टेजवरही डोळा मारतो. पण चार्जरच्या आधी आता अर्थमध्ये गळती होताच वीज तोडणारा ३० मिलीअ‍ॅम्पियरचा आरसीसीबी असतो, आणि तो बल्ब अर्थमध्ये सुमारे ४३० मिलीअ‍ॅम्पियर सोडतो. बल्ब लावताच आरसीसीबी पडतो. याचा खरा अर्थ अर्थची वाट जोडलेली आहे आणि आरसीसीबीही शाबूत आहे असा आहे, पण काढला जातो तो उलटा: आरसीसीबी खराब आहे. मग तो बायपास होतो, आणि माणसाचा जीव वाचवणारी एकमेव वस्तू डब्यातून निघते. तीच गोष्ट न्यूट्रलची. तीन फेजच्या सोसायटीत मुख्य न्यूट्रल सैल झाले की एका फेजवर दोनशेच्या खाली आणि दुसऱ्यावर तीनशेच्या आसपास व्होल्टेज जाऊ शकते. चार्जर ‘जास्त व्होल्टेज’ म्हणून थांबतो, शिव्या चार्जरला बसतात, आणि चौथ्या दिवशी दोन मजल्यांवरचे टीव्ही जळतात. सैल लग, कार्बन धरलेले टर्मिनल, पंधरा अ‍ॅम्पियरच्या जुन्या सॉकेटवर रोज रात्री आठ-नऊ तास चौदा अ‍ॅम्पियर: हे दोष इस्त्रीच्या वेळीही होते, पण इस्त्री वीस मिनिटांत थंड होत असे. हे नवे यंत्र वायरमनला शिकवावे लागेल, यात शंका नाही. पण त्याचा खालून वर जाण्याचा क्रम मोडीत काढण्याचे कारण मला दिसत नाही. मेगर आणि क्लॅम्प मीटर आधी, पासवर्ड नंतर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली. गाडी चार्ज करण्यासाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याची मुभा तिने ग्राहकाला दिली. स्वतःचे मीटर, स्वतःची केबल, स्वतःचे बिल. मग हिशेबासाठी अ‍ॅप कशाला? ज्या सोसायट्यांनी तरीही कॉमन मीटरचा रस्ता धरला आहे, त्यांच्या कमिट्यांना एक विनंती. पुढच्या सर्वसाधारण सभेत चार्जरचा विषय निघेल तेव्हा कोणत्या कंपनीचे अ‍ॅप घ्यायचे यावर तासभर घालवण्याआधी, इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे सभेत विचारा. बहुतेकदा त्यावर पेव्हर ब्लॉक बसलेला असतो. तो उचलून घ्या, पट्टीचा जोड पाहा, रोध मोजून तारखेसह भिंतीवर रंगाने लिहून ठेवा.